कर्नाकचें देवालय आणि भिंतींच्या पोटांतील दप्तर

मिसर देशांत, कैरोच्या दक्षिणेस सुमारें ५०० किलोमीटरांवर, नाईल नदीच्या पूर्व तीरीं लक्सोर शहर आहे. त्यास लागूनच कर्नाक नांवाची वस्ती असून तिच्या नांवानें तेथील देवालयसमूह आज जगांत ओळखला जातो. प्राचीन मिसरी लोक या स्थानास 'इपेत-सुत' म्हणत; 'स्थानांतील निवडक स्थान' असा त्याचा साधारण अर्थ होतो. समूहांत तीन मुख्य आवारें आहेत. मधलें व सर्वांत मोठें आमुन-रा या देवाचें, दक्षिणेकडील मुत या देवीचें आणि उत्तरेकडील मोंतु या युद्धदेवतेचें. प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः आमुनाच्या आवाराविषयीं लिहिणार आहों.

या देवालयाचीं वर्णनें प्रवासवृत्तांतून पुष्कळ आलीं आहेत. स्तंभांची उंची व जाडी सांगून वाचकांस थक्क करावें, हा त्यांचा बहुधा उद्देश असतो. आमचा उद्देश निराळा आहे. ज्यांस जुन्या कागदपत्रांचा व पोथ्यांचा नित्य सराव आहे, त्यांस हें देवालय वारंवार खोडलेल्या, पुनः लिहिलेल्या व पुनः बांधलेल्या एखाद्या प्रचंड पोथीप्रमाणें वाचतां येतें. तें कसें, हें दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे. कर्नाकचा जो इतिहास आज विश्वसनीय म्हणून मानला जातो, त्याचा फार मोठा भाग भिंतींच्या दर्शनी बाजूवरून उपलब्ध झालेला नसून भिंतींच्या पोटांतून निघालेला आहे.

यासाठीं देवालयाची वाढ कशी झाली तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडे मूळ गाभारा तसाच ठेवून पुढें सभामंडप, नगारखाना, दीपमाळ अशी भर पडत जाते. कर्नाकची वाढहि मध्याकडून बाहेरच झाली, मात्र ती दीड-दोन हजार वर्षें चालली. इ. स. पूर्वीं २१०० च्या सुमारास राज्य करणाऱ्या दुसऱ्या इंतेफ राजाचा एक अष्टकोनी स्तंभ येथें सांपडला असून त्यावर आमुन-रा याचें नांव आहे. येथील आमुनपूजेचा हा अति प्राचीन पुरावा होय. पुढें सुमारें १९५० च्या आसपास पहिल्या सेनुस्रेत राजानें चुनखडीच्या दगडाचें देवालय उभारलें. त्यानंतरच्या राजांनीं त्यापुढें एकामागून एक महाद्वारें बांधलीं. हीं महाद्वारें म्हणजे मध्यें दरवाजा आणि दोन्ही बाजूंस निमुळते होत गेलेले भिंतवजा प्रचंड बुरूज. पश्चिमेकडील मार्गावर अशीं सहा व दक्षिणेकडील मार्गावर चार, मिळून दहा महाद्वारें आहेत. त्यांस हल्लीं जे क्रमांक दिले आहेत ते बाहेरून आंत जातांना मोजलेले असल्यामुळें पहिलें महाद्वार बांधणीनें सर्वांत अलीकडचें आहे. आंत शिरणारा मनुष्य त्यामुळें काळांत मागें मागें जात असतो.

आतां मुख्य मुद्दा. एवढा मोठा बुरूज सबंध घडीव दगडाचा कोणी बांधीत नाहीं. बाहेरून घडीव चिरे लावावयाचे आणि आंत भरताड घालावयाची, अशीच रीत होती. भरताडीला दगड आणावयाचा कोठून? खाणी दूर होत्या. परंतु आधींच्या राजांचीं लहान देवालयें नव्या बांधकामाच्या वाटेंतच उभीं होतीं. तीं उतरवून त्यांचे चिरे बुरुजाच्या पोटांत घालण्यांत सोय होतीच, शिवाय देवास वाहिलेला दगड देवाच्या आवारांतच राहत असे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं जुन्या पोथ्यांचे व वह्यांचे पुठ्ठे उकलून पाहिले असतील त्यांस या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. पुठ्ठा करणारा रद्दी पानें एकावर एक चिकटवितो, आणि पुष्कळदां आंतील ग्रंथापेक्षां पुठ्ठ्यांतील तें रद्दी पानच संशोधकास अधिक मोलाचें ठरतें.

कर्नाकचें तिसरें महाद्वार हा असाच पुठ्ठा होय. तें तिसऱ्या आमेनहोतेप राजानें इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकांत बांधलें. त्याच्या दुरुस्तीच्या निमित्तानें आंरी शेव्रिए या फ्रेंच स्थापत्यज्ञानें १९२७ पासून पुढें कांहीं वर्षें त्याच्या पोटांतील चिरे क्रमाक्रमानें बाहेर काढले. तेव्हां त्यांत अनेक निरनिराळ्या इमारतींचे अवशेष निघाले. त्यांपैकीं पहिल्या सेनुस्रेताचें चुनखडीचें एक लहान देवालय इतकें पूर्ण निघालें कीं १९३८ पर्यंत तें पुनः उभें करतां आलें. 'पांढरें देऊळ' या नांवानें तें आज प्रसिद्ध आहे. त्याच्या बैठकीवर मिसर देशांतील प्रांतांची यादी व त्यांचीं मापें कोरलेलीं आहेत. जमाबंदीच्या कागदांत रमणाऱ्यांस ती यादी विशेष आवडेल. हें देऊळ उघड्यावर उभें राहिलें असतें तर त्याचें काय झालें असतें? सेनुस्रेताचें मुख्य देवालय उघड्यावरच होतें, आणि जेथें तें उभें होतें तेथें आज जवळजवळ मोकळें पटांगण आहे. चुनखडीचा दगड भट्टींत घालून चुना करण्याचा उद्योग मिसरांत शतकानुशतकें चालला, त्यांत असलीं बांधकामें नाहींशीं झालीं. पांढरें देऊळ वाचलें तें पाडलें गेलें म्हणून.

याहून महत्त्वाचा प्रसंग हत्शेप्सुत राणीचा आहे. त्यावरून विद्वानांत जो वाद माजला तो पाठचिकित्सेच्या दृष्टीनें फार बोधप्रद असल्यामुळें तो आम्ही जरा विस्तारानें देतों.

इ. स. पूर्वीं १४७९ च्या सुमारास दुसरा थुतमोस राजा वारला तेव्हां त्याचा मुलगा तिसरा थुतमोस लहान होता. दुसऱ्या थुतमोसाची पट्टराणी हत्शेप्सुत ही त्या मुलाची सावत्र आई. तिनें प्रथम त्याच्या नांवानें कारभार पाहिला आणि कांहीं वर्षांनीं स्वतःच राजपद धारण केलें. सुमारें १४५८ पर्यंत ती राज्य करीत होती. तिनें कर्नाक येथें अस्वानच्या खाणींतील ग्रॅनाइटचे दोन सूचिस्तंभ उभारले. एकाच अखंड दगडाचा, चौकोनी व वर निमुळता होत जाऊन टोकदार झालेला स्तंभ म्हणजे सूचिस्तंभ. दोहोंपैकीं एक अद्यापि उभा असून त्याची उंची २९ मीटरांहून अधिक आहे. खाणींतील काम सात महिन्यांत पुरें झालें, असें तिनें त्याच्या बैठकीवर नमूद करून ठेवलें आहे. आपण केलेलें हें काम पुढील काळचे लोक पाहतील तेव्हां काय म्हणतील, याची चिंताहि त्याच लेखांत तिनें व्यक्त केली आहे. ती चिंता अनाठायीं नव्हती. तिच्या मृत्यूनंतर तिचीं नांवें व मूर्ति मिसरभर छिनल्या गेल्या आणि पुष्कळ ठिकाणीं त्या जागीं पहिल्या व दुसऱ्या थुतमोसाचीं नांवें घालण्यांत आलीं.

आपले लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत, त्यावरून हरताळ फासणें हा वाक्प्रचार भाषेंत रूढ झाला. हरताळ लावलेल्या पानावर संशोधक दोन प्रश्न विचारतो: खालचें अक्षर कोणतें, आणि हरताळ कोणी व केव्हां लावला? कर्ट झेटे या मोठ्या जर्मन पंडितानें १८९६ सालीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर फार सरळ धरलें. ज्याचें नांव वर कोरलें आहे त्यानेंच खालचें नांव छिनलें, असें त्यानें गृहीत धरलें. राणीच्या नांवावर तिच्या बापाचें म्हणजे पहिल्या थुतमोसाचें नांव दिसतें, तेव्हां तो बाप तिच्यामागून पुनः गादीवर आला असला पाहिजे. दुसऱ्या थुतमोसाचेंहि तसेंच. अशा रीतीनें चार राज्यकर्त्यांची आळीपाळीनें पदच्युति व पुनःस्थापना यांची एक गुंतागुंतीची मालिका त्यानें रचली. एदुआर नाव्हिल यानें या मतास विरोध केला. परंतु झेटेच्या व्याकरणज्ञानाचा दरारा एवढा होता कीं कित्येक वर्षें ही मालिका इतिहासग्रंथांतून छापली जात होती.

अखेरीस १९३३ सालीं विल्यम एजर्टन यानें मूळ दगडांवरील खाडाखोड बारकाईनें तपासून दाखविलें कीं झेटेचें मूळ गृहीतकच निराधार आहे. राणीचें नांव छिनून त्या जागीं आपल्या बापाचें व आजोबाचें नांव घालणारा तिसरा थुतमोस होता. मेलेल्या माणसाचें नांव जिवंत माणूसहि कोरूं शकतो, ही साधी गोष्ट एवढ्या मोठ्या पंडिताच्या ध्यानांतून निसटली. आपल्याकडेहि दानपत्रांतील मागाहून घातलेलें नांव पाहून त्या नांवाच्या पुरुषासच लेखनिक समजण्याची घाई कित्येकदां होते.

येवढ्यानें वाद संपला नाहीं. हरताळ कोणी लावला हें ठरलें. केव्हां लावला हें राहिलें. राणी मरतांच सूडबुद्धीनें सावत्र मुलानें तिचें नांव पुसून टाकलें, अशी कथा लोकप्रिय झाली होती. ती खोटी ठरविणारा पुरावा पुनः भरताडींतूनच आला. राणीनें देवाची नौका ठेवण्यासाठीं तांबड्या कठीण दगडाचें एक देवघर बांधावयास घेतलें होतें. मिसरी देव उत्सवांत आपल्या पालखीप्रमाणें खांद्यावर वाहिलेल्या नौकेंत बसून बाहेर पडत, त्या नौकेचें हें मुक्कामाचें ठिकाण. त्याचे तीनशेंच्यावर चिरे तिसऱ्या महाद्वारांत व इतरत्र सांपडले. त्यांवरून असें दिसून आलें कीं सर्वांत वरच्या थरावरील चित्रें तिसऱ्या थुतमोसाचीं आहेत. म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर त्यानें तिचें अपुरें काम पाडलें नाहीं, उलट पुरें केलें. पुढें केव्हां तरी तें उतरविलें गेलें. उतरविलेल्या चिऱ्यांपैकीं कांहींवरील तिचें नांव छिनलेलें आहे, पुष्कळांवरील जसेंच्या तसें आहे. या व इतर पुराव्यावरून चार्ल्स निम्स यानें १९६६ सालीं असें प्रतिपादिलें कीं ही खाडाखोड तिसऱ्या थुतमोसाच्या राज्यवर्ष ४२ च्या सुमारास, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर सुमारें वीस वर्षांनीं सुरू झाली. वीस वर्षें थांबलेल्या कृत्यास संतापाचा झटका म्हणतां येत नाहीं. आपल्या मुलाचा वारसाहक्क निर्वेध व्हावा म्हणून वृद्ध राजानें हें केलें असावें, असें आतां पुष्कळ विद्वान् मानतात आणि आम्हांसहि तेंच सयुक्तिक वाटतें.

तिसऱ्या थुतमोसाचा स्वतःचा वृत्तांत गाभाऱ्याजवळच्या भिंतींवर कोरलेला आहे. त्यांत त्याच्या सीरियाकडील मोहिमांची वर्षवार नोंद असून पहिल्या मोहिमेंत मेगिद्दो येथें मिळालेल्या लुटींत ३४० कैदी, २,०४१ घोड्या व ९२४ रथ मोजले आहेत. आंकडे असे सुटे व तपशीलवार असण्याचें कारण खुद्द शिलालेखांतच मिळतें. वेढ्याचा सबंध वृत्तांत चामड्याच्या गुंडाळीवर लिहून आमुनाच्या देवालयांत ठेवला आहे, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे भिंतीवरील मजकूर हा मूळ दप्तराचा उतारा होय. त्जानेनि नांवाचा एक लष्करी लेखक याच राजाच्या पदरीं होता. आपण राजाचे विजय लिहून ठेवले, असें त्यानें आपल्या थडग्यांत सांगितलें आहे. चामड्याची गुंडाळी गेली, उतारा राहिला. मूळ नाहींसें होऊन नक्कल उरण्याचें दुःख आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

या वृत्तांतांत संस्कृतज्ञांस रस वाटावा असाहि एक धागा आहे. थुतमोसाचे मोठे प्रतिस्पर्धी मितन्नी देशाचे राजे होत. त्यांच्यावर चालून जातांना त्यानें फरात नदी ओलांडली. शत्रुपक्षाकडील रथी योद्ध्यांस वृत्तांतांत 'मर्यन्नु' म्हटलें आहे. हा शब्द वैदिक 'मर्य' म्हणजे तरुण वीर याच्याशीं जोडावा असें कांहीं विद्वानांचें मत असून कांहींस तें मान्य नाहीं. परंतु मितन्नीच्या राजांनीं पुढें हित्ती राजाशीं केलेल्या तहांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवांस साक्षी ठेवलें होतें, हें निर्विवाद आहे. त्या तहाच्या विटा जेथें सांपडल्या त्या स्थळाचा उल्लेख पुढें येईलच.

हत्शेप्सुतेनंतर सुमारें शंभर वर्षांनीं चवथा आमेनहोतेप गादीवर आला. त्यानें अखेनातेन हें नांव घेऊन केवळ आतेन या सूर्यबिंबाची उपासना चालविली. नव्या राजधानीस जाण्यापूर्वीं त्यानें कर्नाकच्या पूर्वेस आतेनाचीं देवालयें बांधलीं आणि पुढें आमुनाचें नांव देशभर छिनून टाकलें. त्याच्या मागून प्रतिक्रिया आली. होरेमहेब राजानें आतेनाचीं देवालयें उतरवून त्यांचे चिरे आपल्या दुसऱ्या, नवव्या व दहाव्या महाद्वारांच्या पोटांत भरले. हे चिरे सुमारें ५२ सेंटिमीटर लांब व २६ सेंटिमीटर रुंद, एका माणसास उचलतां येतील असे असून त्यांस 'तलातात' म्हणतात. असे हजारों चिरे निघाले. प्रत्येकावर चित्राचा एखादा तुकडाच: कोठें हात, कोठें घोड्याचें मस्तक, कोठें किरणाचें टोंक. फाटक्या पोथीच्या चिंध्या जुळविण्यासारखेंच हें काम, पण चिंध्या दगडाच्या. १९६६ सालीं रे विनफील्ड स्मिथ यानें सर्व चिऱ्यांचीं छायाचित्रें घेऊन संगणकाच्या साहाय्यानें तीं जुळविण्याचा उपक्रम सुरू केला. नंतर डोनल्ड रेडफोर्ड यानें तो पुढें चालविला. नववें महाद्वार उकलतांना तर एक फार उपयुक्त गोष्ट आढळली. पाडणाऱ्यांनीं भिंत वरून उतरवीत आणली आणि काढलेले चिरे त्याच ओघानें भरताडींत रचले. त्यामुळें भरताडींतील क्रम उलटा वाचला असतां मूळ भिंतीचा क्रम हातीं लागतो. तेथील २८३ चिऱ्यांची एक भिंत लक्सोरच्या संग्रहालयांत जुळवून उभी केली आहे. म्हणून भरताड उकलणाऱ्यानें प्रत्येक चिरा कोणत्या थरांत, कोणत्या जागीं होता हें टिपूनच तो हलविला पाहिजे. घाईनें काढलेला ढीग म्हणजे पानांचे आंकडे पुसलेली पोथी होय.

ज्याचें स्मरण नष्ट व्हावें म्हणून होरेमहेबानें एवढा खटाटोप केला, त्याचींच चित्रें कित्येक ठिकाणीं रंगासकट टिकलीं. होरेमहेबानें दुसऱ्याचें श्रेयहि घेतलें. देवालयांचा जीर्णोद्धार केल्याचें सांगणारा एक शिलालेख १९०५ सालीं कर्नाक येथें सांपडला. तो मूळचा तुतांखामुन राजाचा, आणि त्यावर नांव होरेमहेबाचें घातलेलें आहे.

सर्व प्रवासी ज्याचें वर्णन करतात तो महास्तंभमंडप पहिल्या सेतीनें व त्याचा पुत्र दुसरा रामसेस यानें सजविला. त्यांत १३४ स्तंभ असून मधल्या बारांची उंची सुमारें २१ मीटर आहे. त्याविषयीं येथें एवढेंच पुरे. आम्हांस त्याच्या जवळच, दक्षिणेकडील एका भिंतीवर कोरलेला एक लेख अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणजे रामसेसाच्या राज्यवर्ष २१ मध्यें, इ. स. पूर्वीं १२५९ च्या सुमारास, त्यानें हित्ती राजा हत्तुसिलि याच्याशीं केलेला तह. मिसरी प्रतीच्या प्रस्तावनेंत हित्ती राजाचे दूत शांततेची याचना करीत आले, असा थाट आहे. १९०६ सालीं ह्यूगो विंकलर यास आशियामायनरांतील बोगाझक्योई येथें, हित्तींच्या राजधानीच्या दप्तरांत, याच तहाची बाणाकृति लिपींतील अक्कादी प्रत सांपडली. दोन्ही प्रतींतील कलमें, म्हणजे परस्परांवर स्वारी न करणें, शत्रु आल्यास साहाय्य देणें व पळून आलेल्यांस परत करणें, हीं बहुतांशीं जुळतात. याचनेचा थाट मात्र दुसऱ्या प्रतींत नाहीं. एवढ्या प्राचीन तहाच्या दोन्ही पक्षांकडील प्रति मिळाव्या, हा योग विरळा. इंद्र-वरुणांचीं नांवें असलेला मितन्नीचा तहहि याच बोगाझक्योईच्या दप्तरांतला.

देवालयाच्या वैभवाचा अंदाज भिंतींपेक्षां एका पपायरसावरून अधिक चांगला येतो. तिसऱ्या रामसेसाच्या दानांची यादी असलेली ही गुंडाळी चाळीस मीटरांहून लांब असून ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तींत थीब्झच्या आमुनाकडे ८६,४८६ माणसें, ४,२१,३६२ जनावरें, ४३३ बागा व ८३ गलबतें लिहिलेलीं आहेत. हा सर्व जुना इनाम कीं या राजाची नवी भर, याविषयीं मतभेद आहे.

उतरत्या काळाची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. ६६३ त असुरबनिपालाच्या अश्शूरी सैन्यानें थीब्झ लुटलें. चवथ्या शतकांत पहिल्या नेक्तानेबो राजानें आवाराभोंवतीं कच्च्या विटांचा प्रचंड तट घातला. पहिलें महाद्वार बहुधा त्याच सुमाराचें. तें अपुरेंच राहिलें, आणि बांधकामासाठीं रचलेला कच्च्या विटांचा चढ अद्यापि त्याच्या आंतल्या बाजूस टेकलेला आहे. मिसरी लोक चिरे उंच कसे चढवीत याचा हा प्रत्यक्ष पुरावा. टॉलेमी राजांच्या अमदानींत पुजाऱ्यांनीं देवालयांत सांचलेल्या जुन्या मूर्ति सातव्या महाद्वारापुढील प्रांगणांत खड्डा करून पुरल्या. जॉर्ज लेग्रें यानें १९०३ ते १९०७ पर्यंत, खड्ड्यांत झरणाऱ्या पाण्याशीं झगडत, तेथून सातशेंच्यावर पाषाणमूर्ति व सुमारें सतरा हजार कांस्यमूर्ति काढल्या. जुन्या देवस्वाचा कचरा म्हणून पुरलेल्या या मूर्तींवरील लेखांनीं कित्येक पुजारी-घराण्यांच्या वंशावळी जुळविण्यास आधार दिला आहे. ख्रिस्ती अमदानींत थुतमोसाच्या उत्सवमंडपाचें प्रार्थनामंदिर झालें. तेथील खांबांवर संतांच्या रंगीत आकृति उरल्या आहेत. येथील सर्वांत मोठा सूचिस्तंभ इ. स. ३५७ मध्यें रोमला उभारला गेला आणि १५८८ पासून तो तेथेंच लातेरान चौकांत आहे.

अलीकडच्या काळांतील नेण्या-आणण्याचें एकच उदाहरण देतों. तिसऱ्या थुतमोसाच्या उत्सवमंडपालगतच्या एका खोलींत त्याच्या ६१ पूर्वजांची चित्रमय नामावलि कोरलेली होती. १८४३ सालीं प्रिस दाव्हेन या फ्रेंच गृहस्थानें ती परवानगीवांचून, रात्रीच्या रात्रीं भिंतींतून काढून पेट्यांत भरली व पॅरिसला नेली. ती हल्लीं लूव्र संग्रहालयांत आहे. लेप्सियसच्या जर्मन मंडळीच्या हातीं ती जाऊं नये, हा त्याचा हेतु होता असें सांगतात. आपल्याकडील कांहीं दप्तरांचे प्रवास ज्यांस ठाऊक आहेत ते या गृहस्थास ना पुरता चोर म्हणतील, ना पुरता रक्षक.

१८९९ च्या ऑक्टोबरांत महास्तंभमंडपाचे अकरा स्तंभ कोसळले. लेग्रेंनें ते पुनः उभे केले. १९६७ पासून फ्रेंच व मिसरी तज्ज्ञांचें संयुक्त केंद्र येथें काम करीत आहे. आवाराच्या उत्तर बाजूस एक उघडें संग्रहालय केलें असून भरताडींतून निघालेल्या इमारती तेथें उभ्या आहेत: सेनुस्रेताचें पांढरें देऊळ, पहिल्या आमेनहोतेपाचें अलाबास्टर दगडाचें देवघर, चवथ्या थुतमोसाच्या प्रांगणाचे खांब, आणि इ. स. २००० च्या सुमारास पुनः रचलेलें हत्शेप्सुतेचें तांबडें देवघर. त्या शेवटच्या इमारतीच्या भिंतींवर राणी व तिचा सावत्र पुत्र हीं दोघें राजवेषांत, एकामागें एक, देवाच्या नौकेमागून चालत आहेत.